वाटी लहान, बिल तेवढेच : हॉटेलांची मूक काटकसर

महागाई वाढली की भाजीपाल्याचे भाव वर्तमानपत्रांत छापून येतात, इंधनाच्या दरांवर चर्चा झडतात. हॉटेलातील आमटीची वाटी किती लहान झाली, याची बातमी मात्र होत नाही. मेनूकार्डावरील आकडा बदलला तर ग्राहकाच्या ते तत्क्षणी ध्यानात येते. पनीरचे तुकडे आठाचे सहा झाले, खोबऱ्याच्या चटणीत डाळ्याचे प्रमाण वाढले किंवा मिसळीबरोबर मिळणाऱ्या सँपलला स्वतंत्र दर लागला, तर ते समजायला वेळ लागतो. हॉटेल व्यवसायातील खर्चकपात बहुतेक वेळा या दुसऱ्या, मूक मार्गाने होते. तिच्यातील काही भाग व्यवसायाची निकड म्हणून समजून घेता येतो. काही भाग मात्र सरळसरळ फसवणुकीत मोडतो. या दोहोंमधील सीमारेषा नेमकी कोठे आहे, हे रोज बाहेर जेवणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असायला हवे.

खर्चाची तोंडमिळवणी

हॉटेलच्या विक्रीतील साधारण तिसरा हिस्सा कच्च्या मालावर खर्च होतो, असा या व्यवसायातील ढोबळ हिशेब आहे. उरलेल्या रकमेतून जागेचे भाडे, कामगारांचे पगार, वीज, गॅस, परवाने आणि नासधूस भागवावी लागते. यांपैकी भाडे व परवाना शुल्क मालकाच्या हाती नसते. त्यामुळे कात्री चालते ती कच्चा माल आणि मनुष्यबळ यांवर.

गॅसचे उदाहरण बोलके आहे. घरगुती सिलिंडर १४.२ किलोचा, तर व्यावसायिक सिलिंडर १९ किलोचा असतो. व्यावसायिक सिलिंडरला अनुदान नाही आणि त्याचा दर बाजारभावानुसार बदलतो. मे २०२२ मध्ये दिल्लीत हा सिलिंडर २,३०० रुपयांच्या पुढे गेला होता. पुढे तो उतरला, पण पुन्हा कधी वाढेल याचा भरवसा नसतो. हॉटेलात घरगुती सिलिंडर वापरणे बेकायदा असूनही तशा सिलिंडरांवर छापे पडल्याच्या बातम्या अधूनमधून का येतात, याचे उत्तर दरांतील या तफावतीत आहे.

करांचाही वाटा आहे. वस्तू व सेवा कर १ जुलै २०१७ रोजी लागू झाला, तेव्हा बिगरवातानुकूलित हॉटेलांना १२ टक्के आणि वातानुकूलित हॉटेलांना १८ टक्के दर होता. १५ नोव्हेंबर २०१७ पासून बहुसंख्य हॉटेलांसाठी तो ५ टक्क्यांवर आला. ग्राहकांनी त्याचे स्वागत केले. मात्र त्याच निर्णयाने हॉटेलचालकांची एक सवलत गेली. खरेदीवर भरलेल्या कराची वजावट त्यांना मिळेनाशी झाली. भाडे, व्यावसायिक गॅस, यंत्रसामग्री यांवरील कर आता थेट खर्चात धरावा लागतो. त्या वेळी अनेक हॉटेलांनी मूळ दर वाढवले आणि करकपात होऊनही बिल फारसे उतरले नाही, अशी तक्रार ग्राहकांनी केली.

त्यात घरपोच सेवेची भर पडली. मोबाइल अ‍ॅपवरून मागणी नोंदवणाऱ्या कंपन्या हॉटेलांकडून बिलावर घसघशीत कमिशन घेतात, आणि ग्राहकाकडून २०२३ मध्ये २ रुपयांपासून सुरू झालेले ‘प्लॅटफॉर्म शुल्क’ पुढे दहा रुपयांच्या वर गेले. तोच पदार्थ हॉटेलात एका दराने आणि अ‍ॅपवर दुसऱ्या दराने विकला जाण्याचे हे एक प्रमुख कारण आहे.

काटकसर जुनीच

टंचाईतून तोड काढणे या धंद्याला नवीन नाही. बंगळूरचे ‘मावळ्ळी टिफिन रूम्स’ हे १९२४ साली सुरू झालेले उपाहारगृह त्याचे प्रसिद्ध उदाहरण. दुसऱ्या महायुद्धात तांदळाचा तुटवडा पडला, तेव्हा या उपाहारगृहाने रव्याची इडली करून पाहिली आणि ती लोकप्रिय झाली, असे त्याच्या इतिहासात सांगितले जाते. पर्यायी जिन्नस वापरला, पण पदार्थाला नावही वेगळे दिले. तांदळाच्या इडलीच्या नावाखाली रव्याची इडली खपवली नाही. आणीबाणीच्या काळात खाद्यपदार्थांचे दर सक्तीने खाली ठेवले गेले, तेव्हा याच संस्थेने दर्जा उतरवण्याऐवजी तयार पिठे व मसाल्यांच्या व्यवसायाकडे मोर्चा वळवला.

मुंबईतील ‘कटिंग’ चहाही याच जातीचा. पूर्ण कप परवडत नाही किंवा नको असतो, म्हणून अर्धा कप कमी पैशांत. प्रमाण घटले, पण ते नावातच सांगितले गेले आणि दरही त्याच हिशेबाने उतरला. म्हणूनच कटिंगबद्दल आजवर कोणी तक्रार केली नाही. पुण्यातील अनेक हॉटेलांनी २०१८-१९ च्या पाणीटंचाईत अर्धा ग्लास पाणी देण्यास सुरुवात केली. टेबलावर तशा पाट्या लावल्या, हवे असल्यास आणखी पाणी मागण्याची मुभा ठेवली. ग्राहकांनी ते समजून घेतले.

प्रमाण घटवण्याच्या युक्त्या

सर्वांत सोपा मार्ग भांडे बदलण्याचा. वाटी तितक्याच व्यासाची, पण उथळ घेतली की भाजी काठोकाठ भरलेली दिसते. जाड बुडाच्या ग्लासात ताक कमी मावते. मोठ्या ताटात लहान वाढप उठून दिसते, म्हणून ताटाचा आकारही कमी केला जातो. एकच आकार भोवतालच्या वर्तुळानुसार लहान-मोठा भासतो, हे बेल्जियन शास्त्रज्ञ जोसेफ डेलबोफ यांनी १८६५ मध्येच नोंदवून ठेवले आहे. कोंबडीचे तुकडे लहान करून त्यांची संख्या वाढवणे, रश्श्यात तुकडे कमी व ‘ग्रेव्ही’ जास्त ठेवणे, डोसा कडेला पातळ आणि लांब करणे, हे प्रकार सर्वपरिचित आहेत.

‘अमर्यादित’ थाळीचे तंत्र आणखी वेगळे. तेथे प्रमाण कमी करता येत नाही, म्हणून क्रम बदलला जातो. फरसाण, पुरी, भात यांचा वाढपी तत्परतेने फिरतो. बासुंदी किंवा पनीरची भाजी घेऊन येणारा मात्र दुसऱ्यांदा सहजी दृष्टीस पडत नाही.

दुसरा मार्ग फुकट मिळणाऱ्या गोष्टी बिलात आणण्याचा. कांदा-लिंबू, पापड, दुसऱ्यांदा घेतलेले सांबार, मिसळीचे सँपल, जादा पाव, पार्सलचा डबा या सगळ्यांचे दर एकेक करून फलकावर चढले. २०१९ च्या अखेरीस कांदा किलोमागे शंभरीपार गेला, तेव्हा अनेक ठिकाणी ताटातील कांद्याची जागा कोबी, मुळा वा काकडीने घेतली. २०२३ च्या जुलैत टोमॅटो कडाडला, तेव्हा मॅकडोनाल्ड्सच्या उत्तर व पूर्व भारतातील अनेक शाखांनी बर्गरमधून टोमॅटो वगळला आणि तसे फलक लावले. त्यांनी कारण दिले ते दर्जेदार मालाच्या हंगामी तुटवड्याचे. बर्गर किंगनेही पाठोपाठ तेच केले. त्याच वर्षी सबवेने भारतातील आपल्या सँडविचमधील मोफत चीज स्लाइस बंद करून तिला वेगळा दर लावला.

तिसरा मार्ग माणसे कमी करण्याचा. वाढप्यांची संख्या घटते, छापील मेनूकार्डाच्या जागी टेबलावर क्यूआर कोड येतो, ग्राहकाला स्वतः काउंटरवर जाऊन ताट आणावे लागते. या कपातीची किंमत ग्राहक पैशांत नव्हे, तर वेळेत मोजतो.

जिन्नस बदलला, नाव तेच

प्रमाण घटले तर निदान डोळ्यांना दिसते. जिन्नस बदलला तर तोही पुरावा राहत नाही. काजूच्या पेस्टमध्ये मगज किंवा शेंगदाणे मिसळणे, पावभाजीत बटाटा व फ्लॉवरऐवजी लाल भोपळा आणि सुके वाटाणे वाढवणे, यांना पाककृतीतील फेरफार म्हणून सोडून देता येईल. अर्थात शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी असलेल्या ग्राहकाला ही सूट द्यायची का, हा प्रश्न उरतोच. ‘बटर’, ‘पनीर’, ‘आइस्क्रीम’ यांबाबत मात्र अशी सैल भूमिका घेता येत नाही. कारण या शब्दांचे अर्थ कायद्याने ठरवले आहेत.

भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाच्या निकषांनुसार लोण्यात किमान ८० टक्के दुग्धस्निग्धांश हवा. पनीरमध्ये ओलावा ६० टक्क्यांपेक्षा जास्त असता कामा नये आणि कोरड्या घटकांत किमान ५० टक्के दुग्धस्निग्धांश असावा. कमी स्निग्धांशाच्या पनीरचा निकष वेगळा आहे. वनस्पतिजन्य तेल वापरून तयार केलेला, पनीरसारखा दिसणारा पदार्थ ‘अ‍ॅनालॉग’ म्हणजे सदृश पदार्थ ठरतो. तो विकण्यास बंदी नाही, पण तो पनीर म्हणून विकता येत नाही. वनस्पती तेलापासून केलेल्या ‘फ्रोझन डेझर्ट’लाही आइस्क्रीम म्हणता येत नाही.

अडचण अशी, की पाकिटावरचे हे लेबल हॉटेलच्या स्वयंपाकघरातच राहते. ग्राहकासमोर येतो तो ‘पनीर बटर मसाला’. मसालेदार रश्श्यात शिजलेल्या तुकड्यातील स्निग्धांश दुधाचा की पामतेलाचा, हे जिभेला ओळखणे कठीण आहे. आयोडिनचे दोन थेंब टाकून पाहण्याची युक्ती सर्वत्र सांगितली जाते. तिने पिष्टाची भेसळ कळते. पिष्ट नसलेले, केवळ तेलापासून केलेले सदृश पनीर त्या चाचणीत सहज सुटते. मार्च २०२५ मध्ये राज्य विधिमंडळाच्या अधिवेशनात बनावट पनीरचा प्रश्न उपस्थित झाला, तो या पार्श्वभूमीवर. पावभाजीच्या अनेक गाड्यांवर साध्या ‘बटर’चा आणि नामांकित कंपनीच्या ‘बटर’चा असे दोन वेगळे दर लिहिलेले असतात. त्यांतील पहिला शब्द नेमका कशासाठी वापरला आहे, हे विचारण्याचा अधिकार ग्राहकाला आहे.

तळणीचे तेल : येथे तडजोड नाही

खर्चकपातीचा सर्वांत घातक प्रकार तेलाच्या पुनर्वापराचा. तेच तेल वारंवार तापवले की त्यात ‘टोटल पोलर कंपाउंड्स’ या नावाने ओळखले जाणारे घटक वाढतात आणि ते आरोग्यास अपायकारक असतात. हे प्रमाण २५ टक्क्यांपेक्षा जास्त झाल्यास ते तेल स्वयंपाकासाठी वापरता येत नाही, असा नियम १ जुलै २०१८ पासून लागू आहे. तळणीसाठी दिवसाला ५० लिटरपेक्षा अधिक तेल वापरणाऱ्यांनी त्याची नोंद ठेवणेही बंधनकारक आहे. वापरलेले तेल गोळा करून त्यापासून बायोडिझेल करण्याची ‘रुको’ योजना प्राधिकरणाने ऑगस्ट २०१८ मध्ये सुरू केली.

मोठे हॉटेल हे तेल अधिकृत संकलकाला देते. प्रश्न उरतो तो मोठ्या हॉटेलांनी टाकलेले तेल स्वस्तात विकत घेणाऱ्या लहान विक्रेत्यांचा आणि रोज तेथेच पोट भरणाऱ्या त्यांच्या ग्राहकांचा. गडद रंग, फेस, तापण्याआधीच येणारा धूर आणि चिकट वास ही अशा तेलाची लक्षणे आहेत.

कायदा काय सांगतो

दारूचा पेग मोजण्याचे माप वैधमापन यंत्रणेकडून तपासून, शिक्का मारून घ्यावे लागते. डाळीच्या वाटीला असे कोणतेही माप नाही. हॉटेलने बांधून दिलेल्या पार्सललाही वेष्टित वस्तूंच्या २०११ च्या नियमांतील निव्वळ वजन छापण्याची सक्ती लागू होत नाही. म्हणजे बिस्किटाच्या पुड्यावर ग्रॅम लिहिलेले असतात, तीनशे रुपयांच्या बिर्याणीवर नाही.

एप्रिल २०१७ मध्ये तत्कालीन केंद्रीय ग्राहक व्यवहार मंत्री रामविलास पासवान यांनी हॉटेलांतील वाढपाचे प्रमाण निश्चित करण्याचा विचार मांडला होता. त्यामागे अन्नाची नासाडी टाळण्याचा हेतू होता. त्यावर टीका झाली आणि सक्तीचा विषय मागे पडला. दहा किंवा अधिक ठिकाणी शाखा असलेल्या साखळी हॉटेलांना मात्र २०२० च्या नियमांनुसार मेनूकार्डावर प्रत्येक पदार्थाचे उष्मांक व वाढपाचे प्रमाण द्यावे लागते.

राज्यात ग्रॅममध्ये मोजलेली थाळी एकच, ती सरकारी. २६ जानेवारी २०२० रोजी सुरू झालेल्या शिवभोजन योजनेत ३० ग्रॅमच्या दोन चपात्या, १०० ग्रॅम भाजी, १५० ग्रॅम भात आणि १०० ग्रॅम वरण असे प्रमाण ठरवून देण्यात आले. दहा रुपयांच्या ताटाला जे लिहून देता येते, ते अडीचशे रुपयांच्या ताटाला का देता येऊ नये, हा प्रश्न रास्त आहे.

जिन्नस बदलण्याबाबत कायदा अधिक स्पष्ट आहे. अन्न सुरक्षा व मानके कायदा, २००६ च्या कलम ५० नुसार ग्राहकाने मागितलेल्या स्वरूपाचा, घटकांचा वा दर्जाचा पदार्थ न देता त्याचे नुकसान केल्यास पाच लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. लहान विक्रेत्यांसाठी ही मर्यादा २५ हजार रुपये आहे. कलम ४० नुसार ग्राहक स्वतःही शुल्क भरून पदार्थाचे पृथक्करण करून घेऊ शकतो. त्यासाठी खरेदीच्या वेळीच विक्रेत्याला तशी कल्पना द्यावी लागते. नमुना सदोष निघाला तर शुल्क परत मिळते.

सेवाशुल्काबाबत केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ४ जुलै २०२२ रोजी मार्गदर्शक सूचना जारी केल्या. बिलात सेवाशुल्क आपोआप जोडता येणार नाही, असे त्यांत म्हटले होते. हॉटेल संघटना न्यायालयात गेल्या. दिल्ली उच्च न्यायालयाच्या एकसदस्यीय पीठाने २८ मार्च २०२५ रोजी त्यांच्या याचिका फेटाळून सूचना कायम ठेवल्या. बाटलीबंद पाण्याचे तसे नाही. हॉटेलात बसून घेतलेल्या बाटलीला छापील किमतीपेक्षा अधिक दर लावता येतो, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१७ मध्ये दिला आहे.

ग्राहक बोलत नाही, उठून जातो

ग्राहक महागाईवर रागावतो की लपवाछपवीवर? डॅनियल कानेमन, जॅक नेच आणि रिचर्ड थेलर या अभ्यासकांनी १९८६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत याचे उत्तर मिळते. घाऊक बाजारात लेट्यूसचा दर ३० सेंटने वाढला म्हणून दुकानदारानेही ३० सेंट वाढवले, तर ते योग्य असे ७९ टक्के लोकांनी सांगितले. हिमवादळानंतर गरज वाढली म्हणून बर्फ उपसण्याच्या फावड्याची किंमत १५ डॉलरवरून २० डॉलर करणे मात्र ८२ टक्के लोकांना अन्यायाचे वाटले. खर्च वाढल्याने झालेली दरवाढ लोक स्वीकारतात. त्यांना राग येतो तो अडचणीचा फायदा घेतला जातो तेव्हा.

तरीही प्रत्यक्षात भांडणारे ग्राहक थोडेच. चारचौघांत वाटी लहान असल्याची तक्रार करणे आपल्याकडे कमीपणाचे मानले जाते. पाहुण्यांना घेऊन आलेला यजमान तर मुळीच बोलत नाही. अर्थतज्ज्ञ अल्बर्ट हर्शमन यांनी १९७० मध्ये मांडल्याप्रमाणे, दर्जा घसरलेल्या संस्थेसमोर ग्राहकाकडे दोन मार्ग असतात : बोलणे किंवा निघून जाणे. हॉटेलचा ग्राहक बहुधा दुसरा मार्ग निवडतो. हॉटेलमालकाला त्याचा राग कळतच नाही. कळतो तो फक्त गल्ल्यात पडलेला फरक, आणि तो भरून काढण्यासाठी पुन्हा कात्री चालते. अनेक जुनी हॉटेले अशीच हळूहळू ओस पडतात.

निघून जाण्याची सोय सर्वांना नसते, हे येथे लक्षात घेतले पाहिजे. कुटुंबासह महिन्यातून एकदा बाहेर जेवणाऱ्याला दुसरे हॉटेल मिळते. पुण्यात स्पर्धा परीक्षेसाठी आलेला विद्यार्थी किंवा मुंबईत एकटा राहणारा कामगार महिन्याचे पैसे आगाऊ भरून खाणावळीत जेवतो. तेथे पोळ्या चारच्या तीन झाल्या, रविवारची फीस्ट बंद झाली, किंवा चार दिवसांपेक्षा कमी खाडा धरला जाणार नाही असा नियम आला, तर त्याला महिना संपेपर्यंत पर्याय नसतो. त्याच्यासाठी ही कपात म्हणजे अर्धपोटी झोपणे. खाणावळ चालवणाऱ्या बाईंचीही अडचण खोटी नसते. महिन्याचा दर शंभर रुपयांनी वाढवला तर मुले शेजारच्या खाणावळीत जातील, या भीतीने त्या पोळीच कमी करतात.

सांगून केलेली काटकसर

यातून मार्ग निघतो तो स्पष्टपणातून. खर्च वाढला असेल तर दर वाढवावा आणि कारण फलकावर लिहावे. पूर्ण थाळीबरोबर अर्धी थाळी ठेवावी. पदार्थापुढे तुकड्यांची संख्या किंवा अंदाजे वजन द्यावे. सदृश पनीर वापरायचे असेल तर तसे लिहून दर कमी ठेवावा. खऱ्या लोण्याचा खर्च सोसणाऱ्या हॉटेलची स्पर्धा आज मार्गारिन वापरून तोच शब्द लिहिणाऱ्या हॉटेलशी होते. मेनूकार्डावर खरे लिहिले गेले, तर ग्राहकाइतकाच फायदा या प्रामाणिक हॉटेलचालकाचा आहे.

ग्राहकानेही थोडे बोलते व्हायला हवे. मागणी नोंदवण्यापूर्वी प्रमाण विचारावे, ‘हे पनीरच आहे ना’ असे विचारण्यात संकोच बाळगू नये, बिल वाचून मगच पैसे द्यावेत आणि ते जपून ठेवावे. न पटलेली गोष्ट वाढप्यावर न ओरडता व्यवस्थापकाला सांगावी. वाटीचा आकार वाढप्याने ठरवलेला नसतो. तेवढ्याने भागले नाही, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक आहे. अन्नाच्या दर्जाविषयी राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाकडे १८००-२२२-३६५ या निःशुल्क क्रमांकावर तक्रार करता येते. जिल्हा ग्राहक आयोगाकडे पाच लाख रुपयांपर्यंतच्या व्यवहाराच्या तक्रारीसाठी शुल्क लागत नाही.

लहान वाटीबद्दल कदाचित कोणतीही यंत्रणा दाद देणार नाही. पनीरच्या नावाखाली दुसरे काही वाढले गेले किंवा काळपट तेलात वडा तळला गेला, तर मात्र तक्रार करण्यास कायद्याचा पुरेसा आधार आहे.